‘कसंतरी हुतंय’ म्हणजे नेमके काय? परिचारिकेने रुग्णाला विचारावे कसे आणि तपासावे कसे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीच्या बाजूची पंचावन्न-साठीची एक बाई सकाळी मुलाबरोबर दवाखान्यात येते. केसपेपर हातात घेतलेली शिकाऊ परिचारिका विचारते, “काय होतंय मावशी?” बाई म्हणतात, “कसंतरी हुतंय बघा.” त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत मुलगा बोलतो, “पित्त आहे हो तिला, नेहमीचंच. शुगरची गोळी चालू आहे, बाकी काही नाही.” परिचारिका तक्रारीच्या रकान्यात ‘ॲसिडिटी’ असे लिहिते आणि पुढच्या रुग्णाकडे वळते. एवढ्या अर्ध्या मिनिटात दोन चुका झाल्या. लिहिलेला शब्द रुग्णाचा नव्हता, मुलाचा होता, आणि तो शब्द तक्रार सांगणारा नव्हता, आजाराचे नाव सांगणारा होता. बाईंना काय होत होते, हे कागदावर उतरलेच नाही.

हाच प्रसंग पुन्हा घडतो असे समजू. या वेळी परिचारिका मुलाला “तुमचंही ऐकते, आधी मावशींना सांगू द्या” असे म्हणते आणि बाईंना विचारते, “कसंतरी म्हणजे कुठं? हातानं दाखवा बघू.” बाई तळहात छातीच्या मधोमध पालथा ठेवतात. “कधी होतं?” “पान्याची घागर घिऊन पायऱ्या चढताना दाबल्यागत हुतंय, जरा बसलं की ऱ्हातंय.” श्रम केले की येणारा आणि विसावा घेतला की थांबणारा छातीवरचा दाब म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची शक्यता. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि स्त्रियांमध्ये हृदयाचे दुखणे पुष्कळदा पित्त, धाप, घाम किंवा नुसता थकवा अशा वेषात येते, त्यामुळे येथे पित्ताची गोळी देऊन घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. छातीची अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून १० मिनिटांच्या आत निघावा, असा संकेत आहे. पण ईसीजी काढायचा हे कोणाला तरी सुचले पाहिजे, आणि ते सुचवणारी माहिती कोणत्याही यंत्रातून आली नाही, नीट विचारलेल्या दोन प्रश्नांतून आली.

शुश्रूषाशास्त्रात या कामाला रुग्णाचे मूल्यमापन म्हणतात. वॉर्डात मात्र सगळे ‘असेसमेंट’ किंवा ‘हिस्ट्री घेणे’ असेच म्हणतात. माहिती घेणे, तिच्यावरून रुग्णाच्या अडचणी ठरवणे, काय करायचे याचे नियोजन, प्रत्यक्ष शुश्रूषा आणि तिचा उपयोग झाला का हे पुन्हा पाहणे, अशा पाच पायऱ्यांच्या शुश्रूषा प्रक्रियेतली ही पहिली पायरी आहे. पहिल्या पायरीवर चुकीची माहिती आली, तर पुढच्या चारही पायऱ्या शिस्तीत चढूनही माणूस भलत्याच माळ्यावर पोचतो. डॉक्टरही हिस्ट्री घेतात, मग परिचारिकेने वेगळी कशासाठी घ्यायची, असा प्रश्न दरवर्षी एखादी विद्यार्थिनी विचारतेच. डॉक्टरांचा रोख मुख्यतः आजार ओळखण्याकडे असतो. परिचारिकेला त्याशिवाय हेही कळावे लागते, की हा माणूस स्वतः उठून संडासला जाऊ शकतो का, त्याला नीट गिळता येते का, घरी इन्शुलिन कोण टोचणार, ते ठेवायला फ्रिज आहे का, आणि डिस्चार्जनंतर चंदगडच्या वाडीवरून पुन्हा तपासणीला यायला एसटी किती वाजता आहे.

मिळणारी माहिती दोन प्रकारची असते. रुग्ण जे सांगतो ते व्यक्तिनिष्ठ, म्हणजे दुखणे, मळमळ, भीती, झोप न लागणे. हे दुसऱ्या कोणाला दिसत नाही आणि मोजताही येत नाही. आपण जे पाहतो, हाताने चाचपतो किंवा उपकरणाने मोजतो ते वस्तुनिष्ठ, म्हणजे ताप, नाडी, सूज, जखमेतला स्राव. पुस्तकात दुसऱ्या प्रकाराला जरा जास्त मान मिळतो, तो मला पटत नाही. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहायचे असतात, आणि जेथे ती जुळत नाहीत तेथे थांबायचे असते. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तालमीत वाढलेला एखादा गडी “काय न्हाई दुखत सिस्टर” असे हसून सांगतो. पण तो कूस बदलत नाही, खोकला आला की दाबतो, श्वास उथळ घेतो आणि त्याची नाडी ११० आहे. दुखते म्हणणे त्याला कमीपणाचे वाटते. तो खोटे बोलतो असे लिहायचे नाही. त्याचे शब्द लिहायचे आणि शेजारी आपण पाहिलेलेही लिहायचे. श्वास उथळ राहिला तर फुप्फुसाच्या तळाशी कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून त्याचे दुखणे कमी करणे ही केवळ दयेची बाब राहत नाही.

विचारण्याआधी काही गोष्टी उरकाव्या लागतात. पहिली म्हणजे समोरचा माणूस तोच आहे ना, याची खात्री. कोल्हापुरात हे सांगायला हवे, कारण एका वॉर्डात तीन पाटील असणे नवलाचे नाही, आणि त्यांतल्या दोघांचे पहिले नावही एकच असू शकते. “पाटील काका ना तुम्ही?” असे विचारले की तिघेही “व्हय” म्हणतील, कमी ऐकू येणारे चौथे काकाही म्हणतील. म्हणून “तुमचं पूर्ण नाव सांगा” असे विचारायचे, वडिलांच्या नावासह ऐकायचे आणि ते नोंदणी क्रमांकाशी जुळवायचे. खाट क्रमांक ही ओळख धरत नाहीत, कारण खाटा बदलतात.

त्यानंतर स्वतःचे नाव सांगावे, काय करणार आहोत आणि साधारण किती वेळ लागेल हे सांगावे, परवानगी घ्यावी, पडदा ओढावा आणि बसावे. बसण्याला मी फार महत्त्व देते. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या, हातातल्या पेनाचे टोपण उघडझाप करणाऱ्या माणसाला कोणी आपल्या लघवीची तक्रार सांगत नाही. स्टुल ओढून रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसले की तेवढ्याच पाच मिनिटांत जास्त ऐकायला मिळते. बोलताना अहो-जाहो सोडू नये. आमच्याकडची बोली रांगडी आहे, आजोबा परिचारिकेला “ए पोरी” म्हणतील आणि त्यात मायाच असेल. पण म्हणून “ए आजोबा, हात कर इकडं” असे उलट म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

नातेवाइकांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. खाटेभोवती सहा माणसे उभी असतात, त्यांतली दोन गावाकडून भाकरी घेऊन आलेली असतात, आणि त्यांना हाकलून देणे हे आपल्याकडच्या आजारपणाच्या रीतीत बसत नाही. बेशुद्ध रुग्ण, लहान मूल किंवा विसराळू झालेले वृद्ध यांच्याबाबतीत तर नातेवाईकच माहितीचा मुख्य आधार असतात. तरीही काही प्रश्न एकांतातच विचारावे लागतात: पाळी चुकली आहे का, घरात मारहाण होते का, दारू किती, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का. अशा वेळी सासूबाईंना “केसपेपरवर शिक्का मारून आणता का?” असे सांगून पाच मिनिटे मिळवता येतात. गडहिंग्लज किंवा शिरोळ भागातून, सीमेपलीकडून आलेल्या कन्नड बोलणाऱ्या रुग्णांसाठी दुभाषा लागतो, आणि तेथेही नातेवाईक हा शेवटचा पर्याय धरावा. रुग्ण दोन मिनिटे बोलतो आणि जावई “काही नाही, पोट दुखतंय म्हणे” असा सारांश सांगतो. वॉर्डातली कन्नड येणारी मावशी किंवा सहकारी असेल तर तिला बोलवावे, प्रत्येक वाक्याचे भाषांतर करायला सांगावे, आणि बोलताना आपण मात्र रुग्णाकडेच पाहावे.

आता प्रश्नांकडे वळू. ज्याचे उत्तर रुग्णाला आपल्या शब्दांत द्यावे लागते तो खुला प्रश्न: “कधीपासून काय काय होतंय ते सांगा.” ज्याचे उत्तर हो, नाही किंवा एखादा आकडा असते तो बंद प्रश्न: “उलटी झाली का? किती वेळा?” सुरुवात खुल्या प्रश्नाने करायची आणि माहिती नेमकी करण्यासाठी मागाहून बंद प्रश्न वापरायचे, हा साधा नियम आहे, धाप लागलेल्या माणसाशी मात्र बंद प्रश्नांनीच बोलावे, कारण त्याला लांब वाक्य झेपत नाही. खरा घात तिसऱ्या प्रकारचे प्रश्न करतात, ज्यांत उत्तर आधीच भरून ठेवलेले असते. “झोप लागली ना?” “आता बरं वाटतंय ना?” “गोळ्या वेळेवर घेता ना?” यांतला ‘ना’ रुग्णाला सांगतो की सिस्टरांना कोणते उत्तर हवे आहे, आणि भिडस्त माणूस ते देऊन टाकतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच अशा सूचक प्रश्नांबद्दल परिचारिकांना बजावले होते. रात्र चांगली गेली का असे विचारू नका, रुग्णाला किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली ते विचारा, असे त्यांचे सांगणे होते. दीडशे वर्षे उलटून गेली तरी सकाळच्या राऊंडला ‘झोप लागली ना’ चालूच आहे.

‘का’ने सुरू होणारा प्रश्नही जपून वापरावा. “गोळ्या का बंद केल्या?” हे वाक्य कितीही मऊ आवाजात म्हटले तरी कोर्टातल्यासारखे ऐकू येते. त्याऐवजी “गोळ्या बंद झाल्या तेव्हा काय झालं होतं?” असे विचारले, की पैसे संपले होते, गोळीने चक्कर येत होती किंवा बीपी नॉर्मल आले म्हणून आता गरज नाही असे वाटले, यांपैकी खरे कारण बाहेर येते. एका दमात दोन प्रश्न विचारू नयेत, “ताप, खोकला, जुलाब काही आहे का?” याला आलेले “न्हाई” हे नेमके कशाला आले, ते कोणालाच कळत नाही. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहता आले पाहिजे. आपल्याला पाच सेकंदांची शांतताही जड वाटते आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो, पण त्याच पाच सेकंदांत रुग्ण सांगावे की न सांगावे हे ठरवत असतो. आणि “काही होत नाही, सगळं ठीक होईल” हा दिलासा टाळावा. त्यात आपला चांगुलपणा असतो, पण घाबरलेल्या माणसाला ‘आता हा विषय बंद’ एवढेच त्यातून ऐकू येते. “कशाची भीती वाटतेय?” असे विचारले तर बोलणे पुढे जाते.

आपल्या बोलीतले शब्द हा या विषयातला सर्वांत सुपीक भाग आहे आणि पाठ्यपुस्तकांत त्याला जागा नसते. ‘चक्कर’ घ्या. एकाला घर गरगर फिरल्यासारखे वाटते, हे बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचे काम असते. दुसऱ्याच्या उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याचा रक्तदाब पाच मिनिटे आडवे झोपवून आणि मग उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजावा, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती महत्त्वाची खूण आहे. तिसऱ्याचा चालताना तोल जातो आणि चौथ्याला नुसता अशक्तपणा असतो. चौघेही चक्कर येते असेच म्हणतात. ‘अंगावर जातंय’ म्हणजे पांढरे की लाल, हे विचारावेच लागते. ‘अंगावर काढलं’ म्हणजे आजार सोसत दिवस ढकलले, आणि मग किती दिवस काढले ते विचारायचे. ‘रक्त पडतंय’ म्हटले की कुठून, हा पहिला प्रश्न: खोकल्यातून, उलटीतून, शौचातून की लघवीतून. परसाकडे काळे डांबरासारखे होते असे एखादा सांगत असेल तर जठरातून किंवा आतड्याच्या वरच्या भागातून रक्तस्राव होत असू शकतो. पण लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, म्हणून त्या चालू आहेत का हेही लगोलग विचारावे.

दुखण्याची चौकशी करताना ते कुठे आहे, कधी आणि कसे सुरू झाले, ठणका आहे की कळ की जळजळ, कुठे सरकते का, कशाने वाढते, कशाने थांबते, सोबत आणखी काय होते आणि किती दुखते, इतके तरी सुटू नये. किती दुखते हे शून्य ते दहा या मापाने विचारण्याची पद्धत आहे. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त कल्पना करवत नाही. तरुणांना हे जमते, लहान मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी दाखवतात, पण सत्तरीच्या आजींना शून्य ते दहा ही भानगड परकी वाटते आणि त्या “लई दुखतंय” एवढेच सांगतात. त्यांच्याजवळ त्यांचे माप असते. “काल रुपया दुखत होतं असं धरा, आज किती आणे आहे?” असे विचारले की “बारा आनं असंल” असे चटकन उत्तर येते. सोळा आण्यांचे हे माप दहाच्या मापापेक्षा बारीक आहे, ही गंमत वेगळी. अट एवढीच, की एकदा एक माप धरले की त्या रुग्णासाठी सर्व पाळ्यांतल्या परिचारिकांनी तेच वापरावे आणि नोंदीत ‘सोळापैकी बारा’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर रात्रपाळीची बाई त्याला दहापैकी बारा समजेल.

सवयींबद्दल विचारताना नेमका शब्द माहीत नसला तर खोटे उत्तर खऱ्या मनाने मिळते. “तंबाखू खाता का?” असे विचारले तर ग्रामीण भागातल्या बहुतेक बायका नाही म्हणतात. “मशेरी लावता का?” असे विचारा, म्हणजे “व्हय की, सकाळ-संध्याकाळ” असे सहज सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. पण ती खाल्ली जात नाही, दातांना लावली जाते, त्यामुळे त्यांच्या लेखी तो प्रश्न त्यांच्यासाठी नव्हताच. गरोदर बाईच्या बाळाचे वजन आणि तोंडातले न भरणारे चट्टे या दोन्हींशी या उत्तराचा संबंध आहे. दारूबद्दलही “पिता का?” ऐवजी “आठवड्यातनं किती दिवस, एका वेळी किती, आणि शेवटची कधी घेतली?” असे साध्या सुरात विचारावे. शेवटच्या पेल्याची वेळ यासाठी, की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू दवाखान्यात अचानक तुटली की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, बेचैनी सुरू होऊ शकते, पहिल्या दोन दिवसांत झटके येण्याचा आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होण्याचा धोका असतो. हे आधी ठाऊक असले तर तयारी करता येते. नसले तर रात्री दोन वाजता सलाईन उपसून पळणाऱ्या रुग्णाला सगळे ‘वेडा’ म्हणत बसतात.

औषधे तोंडी विचारून भागत नाही, पिशवी मागवावी. तिच्यात दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, नाव निराळे पण औषध तेच असलेली बीपीची गोळी सापडते, गुडघेदुखीची दुकानातून आणलेली गोळी सापडते आणि एखादा काढाही. ॲलर्जीबद्दल ‘आहे’ एवढे लिहून सोडू नये. कोणत्या औषधाने, घेतल्यावर किती वेळाने आणि काय झाले होते ते लिहावे, कारण नुसती मळमळ आणि अंगावर गांधी उठून श्वास कोंडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

व्यवसाय आणि राहणीमान यांचे प्रश्न नव्या परिचारिका अनेकदा औपचारिकता म्हणून उरकतात. कोल्हापुरात तसे करून चालत नाही. ‘नोकरी’ असे उत्तर आले तर कुठे? शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर वीस वर्षे काढलेल्या माणसाचा खोकला आणि बँकेतल्या कारकुनाचा खोकला सारखे नव्हेत. ‘शेती’ असे उत्तर आले तर काल फवारणी केली होती का? घाम, लाळ, उलटी आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या हे कीटकनाशकाच्या विषबाधेचे चित्र असू शकते. पंचगंगेला २०१९ आणि २०२१ साली आले तसे पूर येतात, तेव्हा आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दुखणे घेऊन आलेल्या प्रत्येकाला “पाण्यात, चिखलात उतरला होता का? पायाला जखम होती का?” हे विचारलेच पाहिजे, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरा-घुशींच्या आणि जनावरांच्या मूत्रावाटे पाण्यात येतात आणि त्वचेवरच्या जखमेतून शिरतात.

याहून बिकट उदाहरण मण्यारीचे आहे. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे एखाद्या तरुणाला पोटात मुरडा मारतो आणि उलट्या होतात, असे सांगत टोळीतली माणसे त्याला आणतात. ताप नाही, जुलाब नाहीत, काल सगळ्यांनी तेच जेवण केले. येथे उपयोगी पडणारा प्रश्न पोटाबद्दलचा नाहीच. “रात्री कुठं झोपला होता?” खोपीत, जमिनीवर. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, तिचे दात इतके बारीक असतात की खूण बहुधा दिसत नाही आणि चावा फारसा दुखतही नाही. त्यामुळे साप चावला हे रुग्णालाच माहीत नसते. काही वेळाने पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, आवाज बदलतो आणि पुढे श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. म्हणून अशा रुग्णाला वर पाहायला सांगावे, पापण्या पूर्ण उघडतात का ते पाहावे, एका दमात किती आकडे मोजता येतात ते ऐकावे आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे. सापाच्या विषावरचे औषध आणि कृत्रिम श्वासाची सोय वेळेत मिळाली तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.

शारीरिक तपासणीचा क्रम ठरलेला आहे: आधी पाहणे, मग चाचपणे, मग बोटाने ठोकून आवाज ऐकणे आणि शेवटी स्टेथोस्कोपने ऐकणे. ठोकून पाहण्याची युक्ती १७६१ साली ऑस्ट्रियातल्या औएनब्रुगर या डॉक्टरांनी मांडली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव होते आणि दारूचे पिंप कुठवर भरले आहे हे ठोकून ओळखण्याची रीत त्यांच्या पाहण्यातली होती, असे सांगतात. स्टेथोस्कोप १८१६ सालचा, लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांचा, आणि तो पहिल्यांदा कागदाची गुंडाळी होता. पोटाच्या बाबतीत मात्र क्रम बदलतो: पाहिल्यानंतर आधी ऐकायचे आणि मगच ठोकायचे, चाचपायचे, कारण आधी दाबले तर आतड्यांच्या हालचाली बदलतात आणि ऐकू येणारे आवाज आपणच निर्माण केलेले असतात. दुखती जागा सर्वांत शेवटी चाचपावी, आणि त्या वेळी नजर पोटाकडे न ठेवता रुग्णाच्या चेहऱ्याकडे ठेवावी.

सावळ्या त्वचेवर फिकेपणा गालांवर शोधून सापडत नाही. खालची पापणी ओढून, जीभ आणि तळहात पाहून कळतो. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि दिवसाच्या उजेडात पाहावी, पिवळ्या दिव्याखाली सगळेच पिवळे दिसतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर थंड हातावर किंवा नेलपॉलिशवर फसते, गडद त्वचेवर प्रत्यक्षाहून थोडे जास्त आकडे दाखवू शकते आणि रक्त खूप कमी असले तरी ९८ दाखवून निश्चिंत करते, कारण आहे तेवढ्या रक्तात प्राणवायू भरलेला असतो. मुळात रक्तच किती आहे ते त्याला कळत नाही.

नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब यांना वॉर्डात ‘व्हायटल्स’ म्हणतात. विसावलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतात. या चौघांत श्वासाची सर्वांत जास्त हेळसांड होते, आणि तक्त्यात ओळीने लिहिलेले २०, २०, २०, २० पाहिले की मला तो तक्ता टेबलाशी बसून भरलेला वाटतो. प्रकृती बिघडू लागते तेव्हा पुष्कळदा सर्वांत आधी श्वासाचा वेग वाढतो, रक्तदाब शेवटी पडतो. मोजायचा कसा? नाडी मोजून झाली तरी बोटे मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीकडे वळवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे; ‘आता श्वास मोजते’ असे सांगितले की माणूस नकळत श्वासाची लय बदलतो. संमती आधी सगळ्या तपासणीसाठी घेतलेली असते, त्यामुळे यात फसवणूक होत नाही.

स्टेथोस्कोपने रक्तदाब १९०५ साली रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी दाखवलेल्या आवाजांवरच आजही मोजतात, पण त्याआधीची पाच मिनिटे बहुतेक जण गाळतात. रुग्णाला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, एकावर एक न टाकता पाच मिनिटे शांत बसवावे. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी झालेली नसावी, लघवी तुंबलेली नसावी. हात उघडा करून हृदयाच्या पातळीवर टेकवावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. पट्ट्याच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के असावी. आधी मनगटाची नाडी कुठे नाहीशी होते ते पाहून त्याच्या ३० वर फुगवावे आणि सेकंदाला साधारण २ या वेगाने उतरवावे. या काळात रुग्णाने बोलू नये आणि आपणही “गाव कुठलं?” असे विचारू नये, कारण बोलण्यानेही आकडा चढतो. तीन मजले चढून आलेल्या आजोबांना दारातच पट्टा बांधून ‘बीपी वाढलंय’ असे जाहीर करणे म्हणजे त्यांच्या मागे जन्माची गोळी लावण्याची सुरुवात ठरू शकते.

नोंद करताना रुग्णाचे शब्द अवतरणात तसेच लिहावेत: ‘पायऱ्या चढताना छातीत दाबल्यागत होते’. ‘रुग्ण बरा आहे’, ‘विशेष काही नाही’, ‘जेवण ठीक’ ही वाक्ये पुढच्या पाळीला काहीच सांगत नाहीत. ‘एका भाकरीतली चतकोर खाल्ली, दुपारपासून २०० मिली पाणी, लघवी सकाळपासून एकदा’ हे सांगते. डॉक्टरांना फोन करताना आपण कोण आणि कोणत्या रुग्णाबद्दल बोलतो, आत्ता काय झाले, मागची पार्श्वभूमी काय, आपल्याला काय वाटते आणि काय हवे, या क्रमाने बोलावे. “सर, जरा बघता का, पेशंट बरा वाटत नाही” या वाक्यावर कोणी धावत येत नाही. “सिस्टर अमुक, स्त्री वैद्यकीय वॉर्डातून बोलते. खाट १२ वरच्या अमुक बाई, वय साठ, मधुमेही. दहा मिनिटांपासून छातीवर दाब आणि घाम, नाडी ११२, श्वास २६, रक्तदाब ९४-६०. मला हृदयाचं वाटतंय, ईसीजी लावते आहे, तुम्ही लगेच या,” या वाक्यांवर येतात.

चौकशी संपवताना आपल्याला काय समजले ते रुग्णाला थोडक्यात परत सांगावे, म्हणजे चूक असेल तर तो दुरुस्त करतो, आणि उठण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: “अजून काही सांगायचं राहिलंय का?” हा प्रश्न विचारून लगेच चालू लागायचे नाही. राधानगरीच्या त्या बाईंना तो विचारला तेव्हा मुलगा औषधाच्या खिडकीपाशी गेला होता. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिले आणि हळूच म्हणाल्या, “शुगरच्या गोळ्या दोन म्हैनं झालं बंद हाईत. पैसं नातवाच्या फीला दिलं. लेकाला सांगू नगा.” येथे ‘नाही सांगणार’ असे सरसकट वचन देता येत नाही, कारण डॉक्टरांना हे कळलेच पाहिजे आणि ते बाईंना तसे स्पष्ट सांगावे लागते. पण मुलाला कळवायचे की नाही हे बाई ठरवतील, परिचारिका नाही. तिने पुन्हा बसून विचारायचे ते एवढेच, की शेवटची गोळी नेमकी कधी घेतली, या दोन महिन्यांत तहान आणि लघवी वाढली का, पायाला कुठे जखम आहे का, आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्यांबद्दल त्यांना कोणी सांगितले आहे का.